दोन रिंगा म्हणजे बरी हाय

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही विम्याच्या एजंटानं संघपालला दिली. संघपाल माझा लेक, वाळूजला कंपनीत हाय. त्याला लिहायला फुरसत नाय आणि मला लिहिता येत नाय, म्हणजे वहीवर दोघांचा हक्क सारखाच. मी म्हणले, आण इकडं. मी सांगते, रूपा लिहील. रूपा माझी सून. कोर्टात टायपिस्ट हाय. लोक जे बोलतील ते तसंच्या तसं उतरवायची तिला सवय. घरीपण तोच नियम ठेवलाय. मी बोलेन ते लिहायचं, सुधरायचं नाय. ती आता हसायली. हसलीस ते पण लिही.

लिहायचं कारण आमचा फोन. उस्मानपुऱ्यात रस्ता खोदला आणि फोनची तार तुटली, त्याला आज अकरा दिवस झाले. संघपाल म्हणतो, "माय, घरात तीन तीन मोबाइल हायेत, त्या डबड्याचं काय घेऊन बसलीस?" त्याला काय सांगावं? त्या डबड्याचा नंबर माझ्या धाकट्या बहिणीच्या बोटाला पाठ हाय. भागू दौलताबादला एकटीच राहती. नवरा गेला, लेकरू नाय. घरामागं पेरूची सात झाडं हायेत, टोपलं घेऊन किल्ल्याखाली बसती. तीपण माझ्यासारखीच, अक्षराशी ओळख नाय. आमच्या मालकानं तिचं बोट धरून नंबर शिकवला होता. वर, मधी, खाली, परत मधी. आकडे तिला आजपण माहीत नायत. बोटाला माहीत हायेत.

भागूला फोनवर बोलायचं भ्या वाटतं. म्हणती, पलीकडं माणूस दिसत नाय, मग तोंड कुणाकडं करायचं? म्हणून आमचं ठरलंय. सकाळी चहा झाला की ती दोन रिंगा देती आणि कापती. म्हणजे 'मी बरी हाय'. मग मी दोन देते. म्हणजे 'ऐकलं'. आधी धाकटीनं, मग थोरलीनं. चार रिंगा म्हणजे 'ये'. बावीस वर्षांत चार रिंगा दोनदाच आल्या. एकदा तिचा नवरा गेला तेव्हा. दुसऱ्यांदा शेळीला तीन पिल्लं झाली तेव्हा. मी रिक्षात रडत रडत पोचले, तर ही दारात हसत उभी.

उद्या कंपनीचा माणूस येणार हाय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

माणूस आला. आकाश नावाचा. भिंतीवर पांढरी डबी ठोकली, तिच्यात हिरवा दिवा. म्हणला, "आजी, नंबर तोच राहणार. फक्त आता मोबाइलमधी वाजणार."

"आणि तार?"

त्यानं केसाएवढी बारीक तार दाखवली. म्हणला, हिच्यात काच हाय.

"काचेतनं आवाज कसा जातो रे?"

"आवाज नाय जात आजी, उजेड जातो. आवाजाचा उजेड करतात, पलीकडं परत त्याचा आवाज करतात."

मला लई आवडलं. मी म्हणले, आमची सून आवाजाची शाई करती, तिला परत आवाज करता येत नाय. आकाश हसला, रूपा हसली नाय. आत्तापण नाय हसली.

नात तनुजा पुण्याला शिकायली. तिचा जुना मोबाइल घरात पडून होता, त्यात आकाशनं आमचा नंबर भरला. कसा भरला ते मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्यानं पाणी मागितलं. मग पारख करायला त्यानं स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला आणि कानाला धरला.

"वाजतोय आजी."

माझ्या हातातला फोन गप.

"कुठं वाजतोय? तुझ्या कानात?"

"वाजतोय वाजतोय, थांबा," म्हणला, आणि मग कुठं माझ्या हातातला वाजला. मी विचारलं, एवढा उशीर का? म्हणला, "मोबाइल झोपलेला असतो आजी. त्याला आधी उठवावं लागतं, मग तो वाजतो." म्हणजे आमच्या संघपालसारखाच. दोन हाका वाया, तिसरीला 'व्हय' म्हणतो.

भागूला दोन रिंगा द्यायला आता आकडे लागत नायत. रूपानं तिचा फोटो लावून दिला. पेरूच्या टोपल्यामागं बसलेली, कपाळाला आठ्या. तिच्या नाकावर बोट ठेवलं की फोन जातो. इतक्या वर्षांनी तिच्या नाकावर बोट ठेवायला मिळालं.

जुन्या डबड्याचं पोट आतनं गंजलंय म्हणे. मी त्याला पुसून परत टेबलावर ठेवलं. राहू दे. इतकी वर्षं वाजलं, आता बसू दे.

५ फेब्रुवारी, बुधवार

संघपाल कामावरनं सुटून दौलताबादला गेला आणि मावशीला सांगून आला, फोन बरा झाला, उद्यापासनं रिंगा चालू. तिनं त्याला सहा पेरू दिले. माझ्यासाठी निरोप दिला नाय.

मी मोबाइलसाठी खणाचा बटवा शिवला. गळ्यात अडकवला. रूपा म्हणती, मी कंडक्टर दिसते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रिंग आली नाय. दूध घेताना बटवा गळ्यात, न्हाताना खुंटीला. काय नाय.

मला कारण माहीत हाय, ते लिही. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही दोघी शहागंजला चादरी घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या पायरीवर भागूचा पाय सरकला. पडली नाय, पण मी दुकानदारासमोर म्हणले, "आता तुझं वय झालं भागू. एकटी राहू नको, ये आमच्याकडं." ती तिथंच तडकली. "तू माझ्याहून चार वर्षांनी थोरली हायेस अक्का. आधी तू म्हातारी हो, मग मी बघते." बसमधी खिडकीकडं तोंड करून बसली.

म्हणजे रुसली. रुसू दे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पण नाय. मी काय काळजी करत नाय.

दुपारी एक गंमत झाली. मी कोपऱ्यावर मेथी निवडत होते, तर बटवा वाजला. रूपाच्या कोर्टातली बाई. "घरी रूपा आहे का?"

मी म्हणले, "मी घरी नाय, मला काय माहीत?"

"अहो, मी घरच्या नंबरावर फोन केलाय."

"व्हय, घरचाच नंबर हाय. भाजी घ्यायला आलाय."

बाईनं फोनच कापला. मेथीवाला बघायला लागला. मी घरी येईपर्यंत हाच विचार. आधी नंबर भिंतीला बांधलेला होता, आपण त्याच्याकडं पळायचो. आता तो आपल्या मागं फिरतोय. मग घर कुठंय म्हणायचं? रूपा म्हणती, असले सवाल वकील लोक विचारतात.

९ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस झाले. एक रिंग नाय. संघपाल म्हणला, "माय, मी लावू का मावशीला फोन?"

मी नाय म्हणले. पुरा फोन वाजला की भागूच्या छातीत धडकी भरती. तिच्या घरी फोन पुरा वाजला तो मयतीच्या खबरीलाच. आणि दुसरी गोष्ट, रुसली ती, रुसवा तिनं सोडावा. थोरलीनं आधी रिंग द्यायची नाय, हे तिनंच ठरवलेलं.

रूपानं पेन थांबवलं आणि म्हणली, "आई, पण तुम्हीच त्यांना दुकानात बोललात ना?"

तू लिही. तुला कुणी साक्षीला बोलावलं नाय.

फोनमधी एक यादी असती, कोण कोण वाजून गेलं त्याची. मी रूपाला तीनदा बघायला लावली. भागूचं नाव नाय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आली! दिवस कलताना, मी कणीक मळत होते. बटवा वाजला. एक. दोन. बंद. रूपानं यादी बघितली, भागूच! पाच दिवसांनी बाईसाहेबांचा राग उतरला. सकाळची वेळ सोडून संध्याकाळी दिली, म्हणजे अजून थोडा ताठा हाय, पण दिली ना? बरी हाय. मी कणकेच्या हातानंच तिच्या नाकावर बोट ठेवलं. दोन रिंगा मोजल्या, कापला.

तिला पोचल्या असणार. तीपण हसली असंल. संघपालला गूळ घालून शिरा केला. तो म्हणला, कशाचा? मी म्हणले, खा गप.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज पोर्णिमा. रूपानं रजा टाकलेली. सकाळी पांढरी लुगडी नेसून आम्ही दोघी विहारात गेलो. वंदना चालू, सगळे हात जोडून गप, आणि माझ्या छातीवर बटवा वाजला. एक. दोन. बंद. सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी डोळे मिटूनच बसले, जसं काय शेजारणीचा वाजला. पण आत गोड वाटलं. बाहेर येऊन पायरीवरनं दोन रिंगा दिल्या. ऐकलं गं बाई.

मग बाराच्या सुमाराला परत. एक, दोन, बंद. मी परत दिल्या.

मग दीड वाजता परत.

रूपा जेवण वाढत होती. मी म्हणले, "ही एवढी बरी कशाला हाय?"

"म्हणजे?"

"कालपासनं चारदा सांगितलं, मी बरी हाय, मी बरी हाय. बरं असलेला माणूस एवढ्या वेळा सांगतो का कुठं?"

मी ताट बाजूला सारलं. रूपा म्हणली, बोलायला लागल्या असतील, आठवण येत असंल. माझ्या डोळ्यासमोर तो आकाश आला. कानाला फोन धरून 'वाजतोय आजी, वाजतोय' म्हणतोय, आणि माझ्या हातातला गप.

मी डब्यातनं चिंचोके काढले. अर्धे रूपाच्या मुठीत दिले आणि तिला आत सैपाकघरात पाठवलं. म्हणले, तुझ्या मोबाइलवरनं घरचा नंबर लाव. तुझ्या कानात एक रिंग वाजली की एक चिंचोका ताटात टाक. सहा झाले की काप. मी बाहेर बसले, माझा वाजला की मी टाकणार.

बाहेरच्या ताटात चार.

मी म्हणले, परत. तिनं पाच टाकले. माझे तीन.

परत. तिचे दोन. माझ्या ताटात एक पण नाय. फोन हललासुदीक नाय, आणि यादीत पण काय उमटलं नाय.

मग उलटं केलं. माझ्याकडनं रूपाला फोन. माझे दोन, तिचे दोन. माझ्याकडनं गेलेल्या पुऱ्या पोचतात.

दोन्ही ताटं शेजारी ठेवली. मला लिहिता येत नाय, पण मोजता येतं. तिकडनं येताना दोन गळतात. म्हणजे भागू रुसलीच नव्हती. रोज सकाळी दोन देत होती आणि त्या इथवर आल्याच नायत. मी एकदा पण उत्तर दिलं नाय. आणि ह्या ज्या दोन आल्यात, ह्या दोन नायत. ह्या

(आई चपला घालून दारात उभ्या आहेत. रिक्षा आणायला जाते. – रूपा)

१३ फेब्रुवारी, गुरुवार

घाटी दवाखान्याच्या बाकावर बसून सांगतेय. रूपानं पिशवीत वही आणली, कशी आठवली कुणास ठाऊक.

काल आम्ही पोचलो तेव्हा भागू दारातच खाटेवर होती. डावा पाय उशीवर, घोट्याजवळ वांग्यासारखा काळानिळा. मंगळवारी दुपारी पेरू काढताना फांदीवरनं हात सुटला. शेजारचा रामकिसन, किराणा दुकानवाला, तिला खाटेवर आणून बसला होता. मला बघून तो उठलाच.

"अहो अक्का, कालपासनं मी म्हणतोय, गाडी आणतो, दवाखान्यात चला. ऐकतच नाय. म्हणती, मी चार रिंगा दिल्या, अक्कानं दोन दिल्या, म्हणजे ऐकलं. ती निघाली हाय. तिला सोडून मी जाणार नाय."

"मग तू फोन करायचास ना संघपालला!"

"करू देती का? म्हणली, दोघींच्या मधी पडू नको."

भागूनं माझ्याकडं बघितलं. तोंड पांढरं पडलेलं, पण जीभ जागेवर. "आलीस? पायी आलीस व्हय उस्मानपुऱ्यावरनं? एक दिवस लागला!"

मी काय सांगणार, काच, उजेड, झोपलेला मोबाइल? मी म्हणले, "मला दोनच ऐकू आल्या गं."

"मी चार दिल्या."

"माहीत हाय आता."

"आणि त्याआधी पाच दिवस मी रोज सकाळी देत होते. तू एकदा तरी दिलीस का? मला वाटलं, शहागंजचा राग धरलास."

"मला वाटलं, तू धरलास."

रामकिसन म्हणला, "भांडण गाडीत करा, मी गाडी आणतो."

डॉक्टर म्हणले, हाड सरकलंय, सुजेनं रक्त अडत होतं. अजून एक दिवस गेला असता तर पाय राहिला असता का, सांगता येत नाय. आज सकाळी ऑपरेशनला आत नेलं, हाडाला पट्टी घालून प्लास्टर बांधून दिलं. पाय राहिला.

एक गोष्ट लिही रूपा, आणि संघपालला वाचून दाखवू नको. मी पाच दिवस रुसले, त्याचं मला एवढं वाटत नाय. म्हाताऱ्या रुसतातच. पण ती खाटेवर पाय धरून बसली होती, तिनं 'ये' म्हणलं, आणि मी शिरा केला. त्या शिऱ्याची मला लाज वाटती.

संघपाल म्हणतो, माय, यंत्राची चूक. यंत्राला कुठं माहीत होतं आमचं काय ठरलंय? ते मला माहीत होतं. आणि आकाशच्या वेळी कानानं ऐकलं पण होतं. ऐकून मी विनोद केला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज वही उस्मानपुऱ्यात हाय आणि मी दौलताबादला. रूपानं घरात बसून घरच्या नंबरावर फोन लावलाय, आणि मी तो इथं पेरूच्या झाडाखाली उचललाय. रूपा म्हणती, आई, घरी फोन केला तर घरी कुणीच नाय. मी म्हणले, हाय की. मी बोलतेय ना?

भागू उस्मानपुऱ्याला यायला तयार नाय. घाटीतनं सोडलं तेव्हा खाटेवरनंच म्हणली, "माझे पेरू कोण बघंल?" मग मीच बटवा गळ्यात घातला आणि आले. नंबर माझ्याबरोबर आला. ज्याला उस्मानपुऱ्यात गीताबाई पाहिजे त्यानं त्याच नंबरावर लावावा, दौलताबादला उचलला जाईल. किती दिवस, असं रामकिसननं विचारलं. मी म्हणले, प्लास्टर निघंपर्यंत. भागू म्हणली, "तिच्या दोन पिशव्या बघ, आणि तांदळाचा डबा. एका पायाला एवढं लागतं व्हय?" मी ऐकलं नाय असं केलं.

रिंगांचं काय करायचं, ह्यावर आमची दोन दिवस वादावादी झाली. मी म्हणले, "माझ्या फोनला दोन रिंगा ज्यादा देत जा. चार म्हणजे बरी, सहा म्हणजे ये." ती म्हणली, "तुझ्या फोनच्या झोपेचा भार माझ्या बोटावर कशाला? त्याला लवकर उठायला शिकव."

आज सकाळचं सांगते, ते नीट लिही.

मी चुलीपाशी चहा ठेवला होता. भागू खाटेवर, माझ्यापासनं दोन हातांवर. उजाडलं तसा तिनं तिचा बटणांचा फोन घेतला आणि सवयीनं बोट फिरलं. वर, मधी, खाली, परत मधी. तिलाच कळलं नसावं. कानाला लावला आणि ओठ हलायला लागले.

"एक... दोन..."

अंगठा कापायच्या बटणावर गेला.

मी म्हणले, "थांब. कापू नको. अजून माझ्याकडं यायचंय."

ती थांबली. "तीन," म्हणली, आणि माझ्या छातीवर बटवा वाजला. दोघी बघत बसलो त्या बटव्याकडं, जसं काय त्यातनं कोंबडी निघणार हाय. मग मी फोन काढला आणि उचलला. बावीस वर्षांत भागूचा फोन मी उचलला नव्हता.

"जय भीम," मी म्हणले.

ती घाबरली. फोन कानाला, पण बघतेय माझ्याकडं. मग तिच्या ध्यानात आलं की आज तोंड कुणाकडं करायचं ते माहीत हाय.

"जय भीम," म्हणली. एक तिच्या तोंडातनं ऐकू आलं आणि जरा मागनं तेच माझ्या कानात. "अक्का, तू बरी हायेस का?"

"मी बरी हाय. तू?"

"मी नाय," ती म्हणली. "पाय ठणकतोय. झोप लागंना. आणि तू त्या दिवशी आली नसतीस तर, असं रोज मनात येतंय."

एवढं ती समोरासमोर कधी बोलली नव्हती. फोनमधी बोलली. मी ऐकत राहिले. चहाला उकळी फुटली, मी एका हातानं भांडं उतरवलं, दुसऱ्या हातात फोन तसाच.

मग तिनं विचारलं, "अक्का, कापू का आता?"

मी म्हणले, "राहू दे गं. चहा गाळीपर्यंत चालू राहू दे."